रोप लावले, जगवणार कोण?

गोखिवऱ्यात पाऊस कमी पडत नाही. तुंगारेश्वराच्या पायथ्याच्या या पट्ट्यात तो चार महिने कोसळतो आणि उरलेले आठ महिने जवळपास कोरडे जातात. जुलैमध्ये पाहुण्यांच्या हस्ते लावलेल्या रोपाची खरी परीक्षा मार्च ते मे या काळात होते. तेव्हा तिथे पाहुणेही नसतात आणि फोटोग्राफरही.

हवेत कार्बन डायऑक्साइड वाढला तर झाडांना खतच मिळते, असा युक्तिवाद काही मंडळी करतात. तो सर्वस्वी खोटा नाही. औद्योगिक क्रांतीपूर्वी हवेच्या दर दहा लाख भागांत या वायूचे सुमारे 280 भाग होते. आज ते 420 च्या वर गेले आहेत. वायू मुबलक असला की पानावरची सूक्ष्म छिद्रे थोडी उघडूनही काम भागते, पाणी वाचते. परंतु माती सुकली की रोप ही छिद्रे मिटूनच घेते. मग बाहेर वायू कितीही असो, आत शिरणार कुठून? शिवाय याच वायूने हवा तापते आणि तापलेली हवा पानातले पाणी जास्त ओढते. जुन्या ऐनाची, मोहाची मुळे खोल ओलाव्यापर्यंत पोचलेली असतात, खोडात अन्नाचा साठा असतो. वर्षभराच्या रोपाकडे यातले काय आहे? ते तहानेनेही मरते आणि उपासमारीनेही. ऑगस्ट 2023 हा तर 1901 पासूनचा देशातील सर्वात कोरडा ऑगस्ट ठरला. म्हणजे भर पावसाळ्याचाही आता भरवसा नाही.

राज्य शासनाने 2017 मध्ये 4 कोटी, 2018 मध्ये 13 कोटी आणि 2019 मध्ये 33 कोटी वृक्षलागवडीचे लक्ष्य ठेवले. गाजला तो लावण्याचा आकडा. जगवण्याचे काम पडते कंत्राटी मजुरावर. त्याचा ठेका संपला की रोपाचे पाणीही संपते.

शहरी भागासाठी कायदा मात्र स्पष्ट आहे. झाडांचे संरक्षण व जतन करणाऱ्या 1975 च्या राज्य अधिनियमात 2021 साली दुरुस्ती झाली. तोडल्या जाणाऱ्या झाडाचे जितके वय, तितकी झाडे लावायची आणि ती सात वर्षे सांभाळायची. सात वर्षे म्हणजे सात उन्हाळे! वसई-विरार महापालिकेकडे माहिती अधिकाराचा साधा अर्ज करून विचारता येते : तोडीच्या परवानगीपोटी लावलेली झाडे कुठे आहेत, गेल्या मे महिन्यात त्यांना पाणी कोणी घातले आणि त्या माणसाला मजुरी किती दिली?