जालन्यात ज्याला भाव नाही

जालन्याच्या एमआयडीसीतल्या एका भट्टीच्या यार्डात सकाळपासून उभा होतो. क्रेनला टांगलेली मॅग्नेटची गोल थाळी भंगाराच्या ढिगात बुडायची, पत्रे, पाइप, सायकलींचे सांगाडे घेऊन वर यायची आणि ऑपरेटरने करंट तोडला की सगळं खडखडत खाली पडायचं. जवळजवळ सगळं. थाळीच्या कडेला दोन-चार चकचकीत तुकडे तसेच चिकटलेले, करंट नसतानाही. यार्डातल्या पोराने लांब बांबूने खरवडून एक पाडला. चंद्रकोरीच्या आकाराचा, बोटाच्या दोन पेरांएवढा, वर निकेलचा मुलामा.

“हार्ड डिस्कमधलं लोहचुंबक आहे ते,” सुपरवायझर म्हणाले. “लई त्रास देतंय. जाऊ द्या भट्टीत.”

या तुकड्यात दोन तृतीयांशाच्या आसपास लोखंड असतं आणि टक्काभर बोरॉन. उरलेला सुमारे 30 टक्के भाग निओडिमियम आणि त्याच्या एक-दोन भावंडांचा. 1980 च्या दशकाच्या सुरुवातीला जपानमध्ये सागावा आणि अमेरिकेत क्रोट यांनी एकमेकांपासून स्वतंत्रपणे हे मिश्रण शोधलं. आज विजेच्या स्कूटरची मोटर आणि पवनचक्कीचं जनित्र याच्या जिवावर फिरतात. निओडिमियमच्या कुळाचं दुर्मीळ मृदा हे नाव तसं फसवं आहे. निओडिमियम जमिनीच्या कवचात शिशापेक्षा जास्त आहे, पण कुठेही एकगठ्ठा सापडत नाही. शिवाय ही सतरा भावंडं रासायनिक वागण्यात इतकी सारखी की त्यांना वेगळं करण्यातच निम्मं आयुष्य जातं.

तुकडा घेऊन लॅबमध्ये गेलो. केमिस्ट ताईंनी तराजूवर ठेवला: 16 ग्रॅम. म्हणजे जेमतेम 5 ग्रॅम दुर्मीळ मृदा. ढोबळ हिशेब केला, तर तेवढ्याची कागदावरची किंमत तीस रुपयांच्या आसपास आली, किलोभर भंगाराएवढी. पण जालन्यात कागदावरच्या किमतीला कोण विचारतो? इथे इनगट, बिलेट, स्पंज, भंगार, सळई यांचे भाव रोज सकाळी मोबाइलवर फिरतात. रायपूरला काय उघडलं, मंडी गोबिंदगडला काय, हे चहाच्या टपरीवरही माहीत असतं. तांब्याची तार दिसली की ढिगातून आधी उचलली जाते. एक तर तिला वेगळा दर मिळतो आणि दुसरं म्हणजे पोलादात तांबं वाढलं की रोलिंगमध्ये गजाला चिरा पडतात. या चकचकीत तुकड्याला मात्र ना दर, ना गिऱ्हाईक.

दर कळायचा तरी कुठून? तांब्या-जस्ताचे भाव लंडनच्या धातू बाजारात रोज ठरतात. निओडिमियमचा तसा खुला बाजार नाही. चीनमधल्या व्यापाऱ्यांना विचारून काही संस्था आकडे छापतात आणि बाकीचं जग ते वाचतं. खाणकामातला मोठा वाटा चीनचा, तर शुद्धीकरण आणि चुंबक बनवण्यातला जवळपास नव्वद टक्के. 2010 मध्ये जपानशी वाद झाला तेव्हा पुरवठा अडला आणि पुढच्या वर्षी भाव आभाळाला टेकले. 2025 च्या एप्रिलमध्ये चीनने सात दुर्मीळ मूलद्रव्यांच्या निर्यातीला परवान्याची अट घातली. त्यात निओडिमियम नव्हतं, पण चुंबकाला उष्णता सोसायला लावणारे डिस्प्रोसियम आणि टर्बियम होते. मोटारीतलं चुंबक त्यांच्यावाचून लंगडं. जुलैत बजाजला सांगावं लागलं की विजेच्या चेतकचं ऑगस्टमधलं उत्पादन शून्यावर येऊ शकतं.

आपल्याकडे केरळ, तमिळनाडू, ओडिशाच्या किनाऱ्यावर हीच मूलद्रव्यं असलेली मोनाझाइटची वाळू आहे. तिच्यात थोरियम असल्यामुळे ती अणुखनिजांच्या कायद्यात अडकलेली. जुन्या लग्नांच्या वरातीतल्या गॅसबत्तीचं मेंटल त्याच थोरियमचं, चिमूटभर सेरियम, म्हणजे याच कुळातलं आणखी एक भावंड, घातलेलं. आणि तेच सेरियम आत्ता यार्डात एक गॅस कटरवाला खिशातून काढत होता: लायटरच्या खड्यात लोखंडाबरोबर सेरियम असतं, चाक घासलं की ठिणगी पडते. अख्ख्या आवारात दुर्मीळ मृदा कळून-सवरून वापरणारा तो एकटा, फक्त त्याला ते नाव ठाऊक नव्हतं.

दुपारी भट्टीच्या फलाटावर गेलो. गरम हवेने डोळ्यांत पाणी येत होतं. चार्जमध्ये तो ढीग गेला, त्यासोबत थाळीवरून पडलेले उरलेले तुकडेही. तीनशे डिग्रीच्या थोडं पुढे गेलं की या चुंबकाचं चुंबकत्व संपतं आणि भट्टी सोळाशेला. निओडिमियमला ऑक्सिजनची ओढ सिलिकॉनपेक्षाही जास्त, त्यामुळे ते पोलादात राहत नाही, ऑक्साइड होऊन वर मळीत तरंगतं. मेल्टरने लांब सळईने ती साय बाजूला ओढली. नमुना थंड करून स्पेक्ट्रोवर लावला, तेव्हा पडद्यावर कार्बन, मँगनीज, सल्फर, फॉस्फरस, तांबं असे आकडे आले. निओडिमियम कुठे, असं विचारलं तर ताई हसल्या, “त्याचा कॉलमच नाहीये सर.”

कॉलम सरकारी कागदावरही नाही. 2022 च्या ई-कचरा नियमांत पुनर्चक्रीकरणाची प्रमाणपत्रं चारच धातूंची: सोनं, तांबं, अॅल्युमिनियम, लोखंड. 2025 च्या नोव्हेंबरमध्ये केंद्राने चुंबक कारखान्यांसाठी 7,280 कोटींची योजना मंजूर केली, वर्षाला 6,000 टनांचं लक्ष्य ठेवून. ते कारखाने उभे राहतील, राहोत. पण हार्ड डिस्क फोडून दोन चंद्रकोरी सोडवणं, तापवून त्यांचं चुंबकत्व घालवणं, आम्लात विरघळवणं आणि सतरा भावंडांतून हवी ती वेगळी काढणं, एवढा व्याप काही ग्रॅमसाठी कुणी करायचा? शंभर टन गोळा झाले तर कदाचित. गोळा करायला भंगारवाला लागतो आणि भंगारवाल्याला भाव लागतो.

संध्याकाळी मागच्या अंगणात मळी फुटत होती. क्रशरखालून काळा खडा पट्ट्यावर येत होता, पुढे चुंबकाचा रोलर फिरत होता. मळीतले लोखंडाचे थेंब तो टिपून घेत होता, ते उद्या परत भट्टीत जाणार. बाकी खडा सरळ पुढे गेला आणि भरावासाठी आलेल्या ट्रॅक्टरच्या ट्रॉलीत पडला. रोलरने त्याच्याकडे ढुंकूनही पाहिलं नाही.