जकातीचा हिशेब आणि अठ्ठ्याऐंशी वर्षे

रमजानची पहिली तरावीह पढून घरी आलो की मी कपाटातून एक जुनी वही काढतो. वर्षातून एकदाच उघडणारी ही वही आहे. बँकेत किती शिल्लक, म्युच्युअल फंडात किती, कोणाकडून किती येणे, कोणाला किती देणे, हे सगळे तिच्यात मांडायचे आणि त्यावरून जकात काढायची. आमच्या घरात पंधरा वर्षे ही रीत चालू आहे.

आमच्या हिंदू मित्रांना जकात म्हणजे दान एवढेच ठाऊक असते. पण दान मनावर असते, जकात फर्ज आहे. साडेसात तोळे सोने किंवा साडेबावन्न तोळे चांदीच्या किमतीएवढी संपत्ती ज्याच्याकडे आहे आणि ती एक चांद्रवर्ष टिकली आहे, त्याने तिचा चाळिसावा हिस्सा, म्हणजे अडीच टक्के, गरजूंना द्यायचा. या मर्यादेला निसाब म्हणतात. राहते घर, अंगावरचे कपडे, कामाची हत्यारे यांवर जकात नाही. तातडीने फेडायचे देणे आधी वजा होते. थोडक्यात, जकात द्यायची तर आपल्याकडे खरोखर काय उरले आहे, हे वर्षातून एकदा मोजावेच लागते.

यंदा ते मोजले आणि मी गप्प बसलो. मागच्या रमजानमध्ये माझी संपत्ती ८ लाख ४० हजार होती, जकात निघाली होती २१ हजार. यंदा संपत्ती ८ लाख ६२ हजार, जकात २१ हजार ५५० रुपये. म्हणजे अख्ख्या वर्षात माझी शिल्लक वाढली २२ हजारांनी. महिन्याला ७८ हजार रुपये हातात येणाऱ्या माणसाची ही वर्षाची कमाई!

दुसऱ्या कोणाचे हे असते तर मी हसलो असतो. पण माझे दुखणे वेगळे आहे. मला लवकर निवृत्त व्हायचे आहे. माझे वय ४१. बावन्नाव्या वर्षी नोकरी सोडून कऱ्हाडजवळच्या आमच्या गावी जायचे, हे मी केव्हाचे ठरवले आहे. त्याला कारण आहेत माझे अब्बा. ते शिंपी होते. रमजान आला की त्यांची मशीन सहेरीपर्यंत चालायची, कारण सगळ्या गावाचे ईदचे कपडे त्यांच्याकडे. आमचे कपडे शिवून व्हायचे चांदरातीला, तेही सगळ्यांचे झाल्यावर. ‘एकदा हे ओझे उतरले की निवांत बसू,’ असे ते म्हणायचे. डोळे अधू झाले तरी मशीन सुटली नाही, आणि निवांत बसण्याचा दिवस आलाच नाही. त्यांच्या दफनाहून परतताना मी मनाशी म्हटले होते, आपण असे करायचे नाही. अम्मी आहे तोवर तिच्याजवळ काही वर्षे राहायचे.

प्रेषित मुहम्मद (स.) यांच्या एका हदीसचा आशय असा आहे की आरोग्य आणि मोकळा वेळ या दोन देणग्यांच्या बाबतीत पुष्कळ लोक फसतात. मी ती हदीस अनेकांना ऐकवली आहे. यंदा वहीने ती मला ऐकवली.

पैसा गेला कुठे, हे शोधायला बसलो. पगारातून दरमहा १५ हजार रुपये म्युच्युअल फंडात जातात, वर्षाचे १ लाख ८० हजार. फंडाचा भाव वर्षअखेर जवळपास तिथेच होता, म्हणून तो बाजूला ठेवला. त्यातले ७० हजार मी दोनदा काढले, एकदा मोबाइलसाठी आणि एकदा सहलीसाठी. मागच्या वर्षीची २१ हजारांची जकात त्यातूनच गेली. बँकेतली शिल्लक ३० हजारांनी खाली आली आणि क्रेडिट कार्डाचे ३७ हजार देणे झाले. एका हाताने मी साठवत होतो आणि दुसऱ्या हाताने उपसत होतो. साठवणारा हात मला दिसत होता, म्हणून मी स्वतःला काटकसरी समजत होतो.

निवृत्तीचा हिशेबही मग पुन्हा मांडला. विल्यम बेंगन नावाच्या अमेरिकन सल्लागाराने १९९४ मध्ये एक अभ्यास प्रसिद्ध केला होता. निवृत्तीच्या पहिल्या वर्षी जमा रकमेतले चार टक्के काढले आणि पुढे महागाईप्रमाणे ती रक्कम वाढवत नेली, तर पुंजी तीस वर्षे पुरते, असा त्याचा निष्कर्ष. चार टक्के म्हणजे पंचविसावा हिस्सा. म्हणून वर्षाच्या खर्चाच्या पंचवीस पट रक्कम हवी, असे लोक धरतात. तो आकडा अमेरिकेच्या बाजाराचा आणि तीस वर्षांचा. आपल्याकडची महागाई वेगळी, आणि बावन्नाव्या वर्षी घरी बसणाऱ्याला चाळीस वर्षेही काढावी लागतील. शिवाय साठवलेल्या पैशावर दरवर्षी जकात आहे, ती बेंगनच्या हिशेबात नाही. तेव्हा पंचवीस पट हे किमान समजायचे.

गावी अब्बांनी बांधलेले घर आहे. तिथे महिन्याला २५ हजारांत आमचे भागेल. जवळपास निम्मे, म्हणजे १२ हजार, शिकवण्या घेऊन मिळवता येतील. उरले १३ हजार, वर्षाचे १ लाख ५६ हजार. त्याच्या पंचवीस पट ३९ लाख. फंड आणि बँकेतले ८ लाख ६२ हजार आणि प्रॉव्हिडंट फंडाचे ११ लाख धरले, तर कमी पडतात १९ लाख ३८ हजार. व्याज आणि वाढ महागाईत जिरते असे समजू. दरमहा १५ हजार खरोखर शिल्लक पडले, तर ही रक्कम पावणेअकरा वर्षांत होते. म्हणजे बरोबर बावन्नाव्या वर्षी. आणि यंदासारखे २२ हजारच उरले तर? भागाकार केला. अठ्ठ्याऐंशी वर्षे.

वही पत्नीपुढे सरकवली. तिने आकडा वाचला आणि म्हणाली, “म्हणजे तुम्ही एकशे एकोणतीस वर्षांचे झाल्यावर आपण गावी जाणार. तोवर भाड्याची पावती ठेवा जपून.” दोघेही हसलो, पण झोप लागली नाही.

खर्च आवरायचा प्रयत्न मी केला नाही असे नाही. खर्चाची वही घातली, ती नऊ दिवस चालली. पाकिटांत पैसे वाटून ठेवले, तर पाकिटे रिकामी झाल्यावर कार्ड होतेच. कार्ड अम्मीकडे गावी ठेवले, तर त्याचा नंबर मोबाइलमध्ये जतन केलेला होता. प्रत्येक वेळी मी स्वतःला कमकुवत मनाचा म्हणून दोष दिला आणि पुन्हा तेच केले.

यंदा रोजाने एक गोष्ट लक्षात आणून दिली. मी कोंढव्यात राहतो आणि नोकरी खराडीला. जाण्यायेण्यासह रोजचे अकरा तास जातात. रमजानबाहेरच्या दिवसांत संध्याकाळी परतताना मी काहीतरी विकत घेतोच. कधी खायला, कधी मोबाइलवरून मागवायला. ‘दिवसभर राबलो, एवढे तर पाहिजेच,’ असे मनात येते. म्हणजे नोकरीचा शीण घालवायला खर्च करायचा आणि तो खर्च भागवायला नोकरी करायची. ज्या कामातून लवकर सुटायचे आहे, त्याच कामात ही खरेदी मला अडकवून ठेवते. खरी हाव वस्तूची नव्हतीच, विसाव्याची होती. रोजा असतो तेव्हा संध्याकाळी मी थेट घरी येतो, थोडा पडतो, मुलीशी बोलतो, आणि विसावा तर मिळतोच.

म्हणून आता मी किंमत तासांत मोजतो. महिन्याचे सव्वीस दिवस, रोजचे अकरा तास, म्हणजे २८६ तास. ७८ हजारांना भागले की तासाला सुमारे २७० रुपये पडतात. परवा ४ हजार ८०० चे बूट पाहिले. जवळजवळ अठरा तास. जुने बूट चांभाराकडे दिले, त्याने शंभरात टाच बसवून दिली. महिन्याचा हजार रुपये खर्च कायमचा कमी झाला, तर पंचवीस पटीच्या हिशेबाने निवृत्तीला तीन लाख रुपये कमी लागतात, आणि वर्षाला बारा हजार जास्त साठतात. खर्च कमी करण्याचा फायदा असा दोन्ही बाजूंनी होतो. पगारवाढीत ही ताकद नाही, कारण वाढीबरोबर खर्चही वाढतो.

रमजानमध्ये संयम शिकतो असे आपण म्हणतो, पण घरखर्च याच महिन्यात सर्वांत जास्त होतो, हेही प्रामाणिकपणे सांगायला हवे. असरनंतर कौसरबागेत चक्कर मारली की पोटाऐवजी डोळेच उपाशी होतात. समोसे, कबाब, मालपुवे, फळे; इफ्तारला दोन खजूर आणि सरबतानंतर भूक निम्मी होते आणि दस्तरखानावर निम्मे उरते. सहेरी आणि फजरच्या मधल्या अर्ध्या तासात हात मोबाइलकडे जातो आणि तिथे ईदचा सेल उघडा असतो. मागच्या ईदला आमचे ४१ हजार रुपये खर्च झाले. फितरा आणि सदका त्यात नाही. नुसते कपडे, चपला, सुका मेवा, पडदे आणि भेटवस्तू.

खर्च आवरायचा म्हटले की घरात पहिली भीती कंजूषपणाची वाटते. पत्नीने विचारले, “पाहुण्यांपुढे नुसता खजूर ठेवायचा का? आणि दरवर्षी ज्या दोन घरी किराणा देतो, तो बंद करणार?” तिचा प्रश्न रास्त होता. कुरआनच्या सूरह फुरकानमध्ये सज्जनांचे एक लक्षण असे सांगितले आहे की ते उधळपट्टीही करत नाहीत आणि हातही आखडत नाहीत, दोन्हींच्या मधोमध राहतात. आम्ही ठरवले की देण्याला कात्री लावायची नाही. दोन घरांचा किराणा तसाच राहील. कात्री लागेल ती आमच्या पडद्यांना.

साठवणे म्हणजे अल्लाहवर भरवसा नसणे, असेही काही जण म्हणतात. त्यांना हजरत यूसुफ (अ.) यांची हकीकत आठवावी. मिसरच्या बादशहाच्या स्वप्नाचा अर्थ सांगताना त्यांनी सुकाळाच्या सात वर्षांत धान्य साठवून पुढच्या सात दुष्काळी वर्षांची तरतूद करायला सांगितले. त्यात एक बारकावा आहे. खाण्यापुरते काढून बाकीचे धान्य कणसातच राहू द्यायचे होते. कणसातला दाणा टिकतो. मला त्यात आणखी एक सोय दिसते. मळणी केल्याशिवाय तो खाता येत नाही. माझी बचत मळून, पाखडून, हाताशी ठेवलेली होती, म्हणून ती खाल्ली गेली.

त्यावरून यंदा चार गोष्टी केल्या. फंडात जाणारे पैसे पगाराच्याच दिवशी कापले जातील असे केले आणि फंडाचे अॅप मोबाइलवरून काढून टाकले. पैसे काढायचे तर कार्यालयात जाऊन अर्ज भरायचा. मोबाइलमधला कार्डाचा नंबर पुसला. जकातीसाठी दरमहा १ हजार ८०० रुपये पगारातूनच वेगळे ठेवायचे, म्हणजे रमजानमध्ये बचतीला हात लागणार नाही. आणि ईदच्या बाजारासाठी १८ हजार रुपये रोख पत्नीच्या हाती दिले; बाजाराला जायचे ते इफ्तारनंतर, भरल्या पोटी.

सगळे सुरळीत चालले आहे असे नाही. अकराव्या रोजाला कौसरबागेत ६२० रुपयांचे खाणे घेतलेच. घरी आलो तेव्हा मुलगी म्हणाली, “अब्बू, हे किती तास?” दोन तास वीस मिनिटे, असे मी सांगितले. तिने कबाब अर्धा केला आणि शेजारच्या काकूंना डब्यातून नेऊन दिला.

त्याच रात्री अम्मीचा फोन आला. दर ईदला मी तिच्यासाठी दोन भारी साड्या नेतो. यंदा एकच आणीन, हे सांगताना माझी जीभ अडखळली. ती म्हणाली, “अरे, चार साड्या घडी न मोडता पडल्यात. साडी नको आणूस. दरवेळी ईद झाली की दुसऱ्या दिवशी पळतोस, ते तेवढे पळू नकोस.”

मी रजेचा अर्ज दिला आहे, चार दिवसांचा. त्याला पैसे पडत नाहीत. जी निवृत्ती मी अकरा वर्षांनी मागतो आहे, तिच्यातले चार दिवस अम्मीने आताच मागून घेतले.

वाचकहो, तुम्ही जकात देणारे असा वा नसा, ईद येण्याआधी एका रात्री कागद घेऊन बसा. मागच्या वर्षी काय होते, आज काय उरले आहे, आणि मधल्या वर्षात जे गेले त्यातले किती खरेच कामी आले, एवढे तीन प्रश्न पुरेत. उत्तर कडू आले तरी घाबरू नका. माझे अठ्ठ्याऐंशी वर्षांचे आले होते. पुढच्या रमजानमध्ये तीच वही पुन्हा उघडायची आहे, आणि माझी जकात २६ हजारांच्या घरात निघावी, अशी दुआ मी या महिन्यात करतो आहे. जास्त जकात निघावी म्हणून दुआ करण्याची ही माझी पहिलीच वेळ.