मोटारीचा भार आणि स्प्रिंगांची निवड

पुण्याभोवती मोटारींचा संसार मोठा आहे. पिंपरी, आकुर्डी, चाकण या पट्ट्यात गाड्या बनतात, चाकणजवळ कुरुळी येथे शॉकॲब्सॉर्बर बनतात, आणि १९६६ साली स्थापन झालेली एआरएआय ही संस्था वेताळ टेकडीवर बसून गाड्यांची परीक्षा घेते. अशा शहरात राहणाऱ्या माणसाला गाडीच्या तळाशी काय चालते हे ठाऊक असावे, ही अपेक्षा गैर नाही. प्रत्यक्षात चारही चाकांना जोर मिळणारी गाडी घेऊन ताम्हिणी, वरंधा किंवा थेट लडाखला निघणारा गृहस्थ नव्या स्प्रिंगा विकत घेताना त्या नजरेने निवडतो. गाडी उंच दिसली, रुबाबदार दिसली, की त्याचे समाधान होते. आमचे म्हणणे एवढेच की स्प्रिंग ही नजरेने निवडण्याची वस्तू नव्हे, ती वजनाने निवडण्याची वस्तू आहे.

आम्ही कामगारांच्या आणि ड्रायव्हरांच्या संघटनेत काम करणारी माणसे. इंजिनिअरिंगची पदवी आमच्यापाशी नाही. जे शिकलो ते गॅरेजातल्या मिस्त्रींकडून, कारखान्यातल्या फिटरांकडून आणि पुस्तकांतून. पण या प्रश्नात आमचा संबंध सरळ आहे. पर्यटनाला निघालेला मालक वर्षातून पंधरा दिवस त्या गाडीत बसतो. भाड्याने घेतलेला ड्रायव्हर रोज दहा दहा तास बसतो. चुकीची स्प्रिंग कोणाच्या कण्यावर बसते, हे सांगायला नको.

प्रथम तीन कामे वेगळी करू, कारण बाजारात ती एकाच खोक्यात भरून विकली जातात. स्प्रिंगचे काम भार पेलण्याचे. शॉकॲब्सॉर्बरचे, म्हणजे गॅरेजच्या भाषेत शॉकअपचे काम, स्प्रिंगचे हेलकावे थांबवण्याचे. आणि गाडी उंच करणे हे तिसरेच काम. त्याचा भाराशीही संबंध नाही आणि आरामाशीही नाही. ज्याला भाराचा त्रास आहे त्याने उंची विकत घेतली, तर पैसे गेले आणि त्रास राहिला.

आता आपल्या गाडीखाली काय आहे ते पाहावे. दुसऱ्या महायुद्धातली जीप चारही चाकांवर पाट्यांची होती. १९८५ साली आलेली मारुती जिप्सीही पुढेमागे पाट्यांचीच. २०२० साली आलेल्या नव्या थारला पुढे प्रत्येक चाकाला स्वतंत्र जोडणी व कॉइल स्प्रिंग आहे, मागे अखंड ॲक्सल असून त्यावर कॉइल आहे. २०२३ सालच्या जिम्नीला दोन्हीकडे अखंड ॲक्सल आणि कॉइल आहेत. पाट्यांच्या गाडीत पाटेच ॲक्सलला जागेवर धरतात आणि एकमेकांवर घासून थोडे हेलकावेही थांबवतात. कॉइल स्प्रिंग फक्त भार पेलते. ॲक्सल धरायला वेगळे दांडे लागतात आणि हेलकाव्यांची सारी जबाबदारी शॉकअपवर येते. म्हणून जिप्सीवाल्याचा सल्ला जिम्नीवाल्याने डोळे मिटून घेऊ नये.

यानंतर हिशेब. लडाखच्या प्रवासाचे उदाहरण घेऊ. चार माणसे प्रत्येकी ७० किलोंची, म्हणजे २८० किलो. वीस लिटर डिझेलचा एक कॅन, सुमारे १७ किलो. पाणी २० किलो. टपावरचे कॅरिअर आणि तंबू ६० किलो. जादा चाक ३० किलो. स्टोव्ह, भांडी, अवजारे, बॅगा ८० किलो. बेरीज ४८७ किलो झाली, आणि यातले एकही सामान चैनीचे नाही. गाडीच्या पुस्तिकेत कमाल एकूण वजन दिलेले असते. त्यातून रिकाम्या गाडीचे वजन वजा केले की आपली मर्यादा कळते. याहून सोपा उपाय म्हणजे भरलेली गाडी वजनकाट्यावर न्यावी. आधी पुढची चाके आणि मग मागची चाके काट्यावर घेतली, तर कोणत्या ॲक्सलवर किती भार आला हेही कळते. स्प्रिंगसाठी हजारो रुपये मोजणाऱ्याने काट्याचे थोडे पैसे वाचवू नयेत.

मर्यादा ओलांडली असेल, तर पहिले औषध सामान कमी करण्याचे आहे. कडक स्प्रिंग घातल्याने गाडीची मागची बाजू वर उचलली जाते, परंतु ॲक्सल, ब्रेक, टायर आणि चासी होती तेवढ्याच ताकदीची राहतात. हमालाला नवा पट्टा दिला म्हणून त्याचे गुडघे बळकट होत नाहीत.

मर्यादेच्या आत असलेल्या गाडीसाठी निवड अशी करावी. समजा, मागच्या ॲक्सलवर १०० किलो वाढले, म्हणजे प्रत्येक बाजूला ५०. चाकापाशी मोजलेला स्प्रिंगचा कडकपणा दर सेंटिमीटरला २५ किलो असेल, तर गाडी २ सेंटिमीटर बसेल. एवढे बसणे हा दोष नव्हे. हाच भार कायमचा असेल, म्हणजे कपाटे, फ्रीज, कॅरिअर गाडीत बारा महिने बसवलेले असतील, तर तेवढ्या भारासाठी बनवलेली थोडी कडक स्प्रिंग घेणे रास्त आहे. भार वर्षातून एकदोनदाच येणार असेल, तर मूळ स्प्रिंग ठेवून कॉइलच्या आत बसणारी हवेची पिशवी वापरावी. प्रवासापुरती हवा भरावी, घरी आल्यावर कमी करावी.

कडक म्हणजे चांगले, ही समजूत का चुकीची आहे तेही पाहू. स्प्रिंग भाराखाली १६ सेंटिमीटर दबत असेल, तर गाडी सेकंदाला सुमारे सव्वा हेलकावा घेते. दुप्पट कडक स्प्रिंग घातली, की दबणे ८ सेंटिमीटरवर येते आणि हेलकावे सेकंदाला पावणेदोनच्या घरात जातात. रस्त्याचा प्रत्येक दणका त्या प्रमाणात आत येतो. बसलेल्या माणसाचे शरीर सेकंदाला ४ ते ८ या गतीच्या उभ्या कंपनांना सर्वांत जास्त हळवे असते. कामगाराच्या शरीराला रोज किती कंपन चालेल, याच्या मर्यादा युरोपीय संघाने २००२ साली कायद्याने ठरवल्या. रिकामी गाडी भारी स्प्रिंगांवर पळवणारा मालक स्वतःलाही आणि ड्रायव्हरलाही उगाच हे कंपन देतो.

शॉकअपकडे वळू. त्यात तेल असते. दट्ट्या बारीक छिद्रांतून तेल ढकलतो आणि हालचालीची उष्णता होते. पन्हाळी पत्र्यासारख्या कच्च्या रस्त्यावर तास दोन तास गाडी चालली, की तेल तापते, पातळ होते, त्यात फेस येतो आणि शॉकअप जणू रजेवर जातो. फेस कमी व्हावा म्हणून नायट्रोजन भरतात. दोन नळ्यांच्या शॉकअपमध्ये तो कमी दाबाचा असतो. एका नळीच्या शॉकअपमध्ये, जी रचना १९५७ पासून मर्सिडीज गाड्यांवर मोठ्या प्रमाणात बसू लागली, गॅस जास्त दाबाचा असून तरत्या दट्ट्याने तेलापासून वेगळा ठेवलेला असतो. एक नळी लवकर थंड होते, म्हणून लांबच्या खडतर प्रवासाला ती बरी. पण तिचा दट्ट्या बाहेरच्या नळीलाच घासून चालतो. दगड लागून नळीला पोचा आला तर तो अडकतो. दोन नळ्यांचा शॉकअप असा पोचा पुष्कळदा सोसतो. सह्याद्रीच्या दगडगोट्यांत फिरणाऱ्याने हा फरक लक्षात घ्यावा. आणखी एक गोष्ट: स्प्रिंग कडक केली तर शॉकअपही तिला आवरणारा हवा. कडक स्प्रिंग आणि थकलेला शॉकअप ही जोडी वळणावर गाडी उडवते.

उंचीचा मोह शेवटी घेतो. अखंड ॲक्सलच्या गाडीत लिफ्ट किट घातले तर शरीर वर जाते, पण ॲक्सलच्या मध्यावरचा डिफरन्शियलचा गोळा होता तिथेच राहतो. तो वर न्यायला मोठे टायरच लागतात. गुरुत्वमध्य मात्र वर जातो. दोन चाकांतले अंतर १५० सेंटिमीटर आणि गुरुत्वमध्य ७० सेंटिमीटरवर असेल, तर उलटण्याविरुद्धचा आकडा १५० भागिले १४०, म्हणजे सुमारे १.०७ येतो. पाच सेंटिमीटर वाढवले की तो १ वर उतरतो. टपावर तंबू असेल तर आणखी खाली. शिवाय पुढच्या चाकांचा कोन बदलून स्टिअरिंग भरकटते, ब्रेकची नळी ताणली जाते, चाकांना जोर देणाऱ्या सांध्यांवर वाकडा ताण येतो. हे सारे दुरुस्त करण्याचा खर्च किटच्या किमतीत लिहिलेला नसतो.

कायदाही पाहावा. मोटार वाहन कायदा, १९८८ याचे कलम ५२ गाडीत मूळ तपशिलाविरुद्ध फेरबदल करण्यास मनाई करते, आणि सर्वोच्च न्यायालयाने जानेवारी २०१९ मध्ये हाच अर्थ ठामपणे सांगितला. त्याच वर्षीच्या दुरुस्तीने अशा प्रत्येक फेरबदलासाठी मालकाला पाच हजार रुपये दंड किंवा सहा महिन्यांपर्यंत कैद, किंवा दोन्ही, अशी तरतूद झाली. मूळ मापाचा झिजलेला भाग बदलणे ही दुरुस्ती आहे. उंची बदलणे हा फेरबदल ठरू शकतो. म्हणून पैसे देण्यापूर्वी आरटीओला आणि विमा कंपनीला लेखी विचारावे. दुकानदाराचे "सगळेच करतात" हे उत्तर अपघातानंतर कामाला येत नाही.

बसवणाऱ्या कामगाराचाही विचार करावा. दर सेंटिमीटरला २५ किलोची कॉइल १५ सेंटिमीटर दाबली, तर तिच्यात साठलेला जोर २८ किलोचे पोते एक मीटरवरून टाकण्याइतका होतो. ती सुटली तर हात जातो किंवा चेहरा जातो. दोरी आणि पहारीने कॉइल बसवणाऱ्या गॅरेजात स्वस्त पडते म्हणून गाडी देऊ नये. योग्य कॉम्प्रेसर, जॅकखाली भक्कम स्टँड आणि काम झाल्यावर व्हील अलाइनमेंट, एवढे जिथे असेल तिथे चार पैसे जास्त द्यावेत.

तात्पर्य, क्रम असा ठेवावा. आधी गाडी भरून काट्यावर तोलावी. मग टायरची हवा आणि रबरी बुश तपासावेत. पुष्कळ गाड्यांचा आजार तिथेच बरा होतो. नंतर गळके, थकलेले शॉकअप बदलावेत. त्यानंतर, कायमचा भार असेल तरच, त्या भारापुरती स्प्रिंग घ्यावी. उंचीचा विचार सर्वांत शेवटी, आणि बहुतेकांनी तो करूच नये. आणि हे सारे ठरवताना जो माणूस ती गाडी रोज चालवतो, त्याला शेजारी बसवून विचारावे. खड्डा कुठे लागतो हे त्याच्या कमरेला दुकानदाराच्या तक्त्यापेक्षा जास्त ठाऊक असते.