अंगणाचा कोबा आणि ठेकेदाराची पारख

शेतमालाची ने-आण ट्रॅक्टर व ट्रकने होऊ लागल्यापासून घरापुढील अंगण, खळे आणि गाडी उभी करण्याची जागा पक्की करून घेण्याकडे शेतकरी बंधूंचा कल वाढला आहे, आणि ते योग्यच आहे. परंतु हे काम बहुधा ठेक्याने दिले जाते आणि ठेकेदाराची निवड केवळ दर पाहून होते. मग पहिल्याच पावसाळ्यात कोबा मधोमध खचतो, कोपरे उडतात, आणि तोपर्यंत ठेकेदार दुसऱ्या तालुक्यात कामाला गेलेला असतो. काळ्या जमिनीच्या गावांत हा प्रकार वारंवार पाहावयास मिळतो.

ठेकेदार चौरस फुटाचा दर सांगतो. या दरात जाडी दिसत नाही, आणि खरी मेख तेथेच आहे. ४० फूट लांब व २० फूट रुंद जागेवर ६ इंच जाडीचे काँक्रीट करावयाचे झाल्यास ते ४०० घनफूट, म्हणजे बरोबर ४ ब्रास होते. एक भाग सिमेंट, दीड भाग वाळू व तीन भाग खडी या प्रमाणाने त्यास सिमेंटच्या सुमारे ९० गोण्या लागतात. जाडी एक इंच कमी केली की १५ गोण्या वाचतात, शिवाय सहाव्या हिश्श्याची खडी व वाळू वाचते. स्वस्त दराचे रहस्य पुष्कळदा या एका इंचात असते. तेव्हा दोन ठेकेदारांचे दर ताडून पाहण्यापूर्वी दोघांनाही जाडी, मिश्रणाचे प्रमाण आणि खालील भरावाची खोली एकसारखी सांगावी व त्यावरच दर मागावा.

भरावाविषयी थोडे विस्ताराने सांगणे अवश्य आहे. काळी माती पाण्याने फुगते व उन्हाळ्यात आकसते. तिच्यावर थेट टाकलेले काँक्रीट कितीही चांगले असले तरी टिकत नाही. किमान दीड फूट माती काढून मुरूम ६-६ इंचांच्या थरांनी, पाणी मारून, रोलरने किंवा धुम्मसाने दाबून घ्यावा व त्यावर सोलिंग करावे. हा भाग पुढे झाकला जातो, म्हणूनच तेथे हात आखडता घेतला जातो. भराव स्वतः मोजल्याशिवाय काँक्रीट टाकू देऊ नये. कडेच्या फळ्या ६ इंच उंच दिसतात म्हणून समाधान मानू नये. मध्यभागी भराव उंच ठेवला की तेथे चारच इंच जाडी उरते. फळीपासून फळीपर्यंत दोरी ताणून चार-सहा ठिकाणी खोली मोजावी.

ठेकेदाराची पारख त्याच्या बोलण्यावरून न करता त्याच्या जुन्या कामावरून करावी. दोन पावसाळे पाहिलेले एखादे काम दाखविण्यास सांगावे. तेथे तळहात घासून भुकटी निघते काय, पाणी कोठे साचते, भेगा सांध्यांत आहेत की सांधे सोडून आहेत, हे पाहावे. घरधन्याला "काम चांगले झाले का?" असे विचारून उपयोग नाही, भिडेपोटी तो होच म्हणेल. काम झाल्यावर बोलाविले तेव्हा ठेकेदार आला होता काय, एवढेच विचारावे.

"ठेकेदार आपल्या पाहुण्यांपैकीच आहे, त्याच्याकडून लिहून काय घ्यायचे?" असे पुष्कळांना वाटते. आमच्या मते पाहुणा असेल तर लिहून घेणे अधिक जरूर, कारण पुढे भांडणही करता येत नाही. कागदावर लांबी-रुंदी, जाडी, भराव, मिश्रण, सांधे, पाण्याचा उतार आणि पाणी मारण्याची जबाबदारी कोणाची, हे स्पष्ट असावे. दिलेल्या प्रत्येक रकमेची पावती घ्यावी. घराच्या अंगणाचे काम सदोष निघाल्यास ग्राहक संरक्षण कायदा, २०१९ प्रमाणे दोन वर्षांच्या आत जिल्हा ग्राहक आयोगाकडे तक्रार करता येते. तेथे हेच कागद उपयोगी पडतात.

काम चालू असता शेतकऱ्याने किंवा घरच्या जाणत्या माणसाने जागेवर उभे राहावे. सिमेंट स्वतः आणलेले बरे. गोणीवर छापलेला आठवडा व वर्ष पाहून तीन महिन्यांहून जुना माल घेऊ नये. एका ५० किलोच्या गोणीस वाळूतील ओल धरून सुमारे २५ लिटर पाणी पुरते. माल पातळ असला की पसरविण्यास सोपा जातो, म्हणून मजूर बादली ओतीत राहतात. त्याने काँक्रीट कमजोर होते. दहा-दहा फुटांचे चौकोन पाडून सांधे ठेवावेत. त्यानंतर मातीची आळी करून किमान दहा दिवस, आणि उन्हाळ्यात पोझोलाना सिमेंट असल्यास चौदा दिवस, पाणी साठवून ठेवावे. भरलेली ट्रॉली २८ दिवस तरी त्यावर नेऊ नये.

पैसे एकदम देऊ नयेत. थोडा इसार द्यावा, भराव मोजून झाल्यावर एक हप्ता, काँक्रीट पडल्यावर दुसरा, आणि दहावा हिस्सा पावसाळा संपेपर्यंत राखून ठेवावा. ही अटही आरंभीच लिहावी. गावपातळीवरील कार्यकर्त्यांनी असा एक नमुना-करार ग्रामपंचायतीत लावून ठेवल्यास अनेकांची सोय होईल. दर दहा फुटांस दोन इंच उतार ठरला असेल, तर पहिल्या मोठ्या सरीनंतर अंगणात फिरून पाणी कोठे थांबले आहे ते खडूने आखून ठेवावे आणि ठेकेदारास त्याच आठवड्यात बोलावून दाखवावे.