परिचारिकांच्या शिक्षिका

रुग्णाच्या उशाशीं उभी असलेली परिचारिका आपणां सर्वांस दिसते. तिला घडविणारी शिक्षिका मात्र सहसा दृष्टीस पडत नाहीं.

निर्वासितांच्या छावणींतून वाढलेल्या उल्हासनगरास १९४९ सालीं तें नांव मिळालें. तेथील मध्यवर्ती रुग्णालय अंबरनाथ-बदलापूरकरांसहि जवळचें. २०२४ सालीं अंबरनाथला शासकीय वैद्यकीय महाविद्यालय सुरू झालें. आतां खाटा वाढतील. खाटांना परिचारिका लागतील आणि परिचारिकांना शिक्षिका. इमारत पैशानें उभी राहते. शिक्षिका तयार होण्यास वर्षें लागतात.

१९४७ च्या कायद्यान्वयें स्थापन झालेल्या भारतीय परिचर्या परिषदेनें दहा विद्यार्थ्यांमागें एक शिक्षक असें प्रमाण घालून दिलें आहे. त्यास कारण आहे. या शिक्षिकेस फळ्यापाशीं शिकवावें लागतें, तसेंच रुग्णाच्या खाटेपाशींहि. शिवाय परीक्षा व नोंदवह्या आहेतच. एक जागा रिकामी राहिली कीं तिचें काम उरलेल्यांवर पडतें. त्यांतली एखादी थकून नोकरी सोडते, आणि भार पुन्हां वाढतो.

यावर उपाय काय? उत्तम परिचारिका पहिल्याच दिवशीं उत्तम शिक्षिका होत नसते. पहिलें वर्षभर तिच्या सोबतीस अनुभवी शिक्षिका द्यावी, नवखीचे तास कमी ठेवावे, आणि अनुभवी बाईंचा हा वेळ त्यांच्या कामांत धरावा. एरव्हीं तें मार्गदर्शन म्हणजे भारावर भार!

औषधाची मात्रा चुकूं पाहणारा विद्यार्थिनीचा हात वेळींच धरणारें कोणी तरी हवें. तोच हात उद्यां आपल्या घरच्या माणसाची नाडी पाहणार आहे.