शाळेतला खोकला आणि आपले घर

उसात काणीचा चाबूक दिसला की आपण ते बेट मुळासकट काढतो. शेजारच्या बेटांची काळजी असते. पण पोराला ताप-खोकला असला तरी "हजेरी बुडेल" म्हणून शाळेत धाडतो. हे बरे नव्हे.

२००९ साली स्वाइन फ्लू आला. ३ ऑगस्टला पुण्यात देशातला पहिला बळी गेला, तो १४ वर्षांच्या शाळकरी मुलीचा. पुढे तिथल्या शाळा काही दिवस बंद ठेवाव्या लागल्या. त्याच वर्षी पाचगणीच्या एका निवासी शाळेतही ही साथ पसरली.

कारण साधे आहे. खोकताना, बोलताना विषाणू बारीक थेंबांतून बाहेर पडतात. बंद खोलीत ते हवेत तरंगत राहतात. तोंडवलीसारख्या किनाऱ्यावर पावसाची झड आली की वर्गाच्या खिडक्या लागतात आणि बाकावर खेटून बसलेली मुले तीच हवा घेतात. मग आजार घरी येतो आणि म्हाताऱ्या माणसांना गाठतो.

तेव्हा झड नसलेल्या बाजूच्या खिडक्या उघड्या ठेवाव्यात. तापाचे मूल घरी ठेवावे; औषधाशिवाय ताप उतरल्यावर पुरा एक दिवस जाऊ द्यावा. धाप लागली, ओठ निळे पडले, तर लगेच दवाखाना गाठावा. शिक्षकांनीही आजारी मुलाच्या हजेरीचा आग्रह धरू नये. बुडालेला धडा भरून काढता येतो. गेलेले माणूस परत येत नाही.