कॅलिपर मोठा, म्हणून ब्रेक चांगला?

मोठ्या गाडीचे कॅलिपर आपल्या गाडीला चढवले की ती कमी अंतरात थांबते, हा समज सर्वांत पक्का आणि सर्वांत घातक. ब्रेक चाकाला थांबवतो. गाडी थांबते ती टायरने रस्ता धरल्यामुळे. कोरड्या रस्त्यावर करकचून ब्रेक मारल्यावर पायाखाली पेडल थरथरत असेल, म्हणजे एबीएस जागे होत असेल, तर मूळ ब्रेकमध्ये टायरला पेलवेल त्याहून जास्त ताकद आधीच आहे. तिच्यात भर घालून अंतर कमी होत नाही. चांगली पकड असलेले टायर घातले तर होते.

मोठ्या ब्रेकचा खरा उपयोग उष्णता सोसण्यात आहे. तेराशे किलोची गाडी ताशी 100 किमी वेगातून थांबते, तेव्हा सुमारे 500 किलोज्यूल ऊर्जेची उष्णता होते. तीच गाडी आंबोलीहून सावंतवाडीला उतरवली, तर पावणेसहाशे मीटरच्या उताराची ऊर्जा भरते 7,300 किलोज्यूल, म्हणजे शंभरच्या वेगातून चौदा-पंधरा वेळा थांबण्याइतकी. खालच्या गिअरमध्ये यातला मोठा वाटा इंजिन उचलते. न्यूट्रलमध्ये उतरणारा जवळजवळ सगळा भार ब्रेकवर टाकतो. ही उष्णता साठवून वाऱ्यावर सोडण्याचे काम मुख्यतः डिस्कचे. कॅलिपर फक्त पॅड दाबतो. त्यामुळे डिस्क तीच ठेवून नुसता कॅलिपर बदलणाऱ्याच्या पदरात फारसे काही पडत नाही.

‘चार पिस्टन म्हणजे चौपट जोर’ हेही असेच ऐकू येते. साध्या सरकत्या कॅलिपरमध्ये पिस्टन एकाच बाजूला असतो. तो आतला पॅड दाबतो आणि त्याच्या उलट्या रेट्याने कॅलिपर स्वतः सरकून बाहेरचा पॅड डिस्कवर ओढतो. म्हणून तुलना करायची ती एकाच बाजूच्या पिस्टनांच्या क्षेत्रफळाची. 54 मिमीच्या एका पिस्टनचे क्षेत्रफळ 22.9 चौरस सेंटिमीटर. चार पिस्टनच्या कॅलिपरमध्ये एका बाजूला 36 आणि 40 मिमीचे दोन पिस्टन असतील, तर त्यांची बेरीज 22.7. जोर जवळपास तेवढाच! असा कॅलिपर कमी ताणला जातो, पेडल घट्ट लागते, पॅड सारखे झिजतात. हे फायदे खरे आहेत, पण ते वेगळे.

पिस्टन खरोखरच मोठा घेतला तर? 54 च्या जागी 57 मिमी आला की जोर सुमारे 11 टक्के वाढतो, पण तेवढेच जास्त ब्रेक ऑइलही ढकलावे लागते. मास्टर सिलिंडर जुनाच असल्याने पेडल खोल जाते. मग हवा राहिली असेल म्हणून पुन्हा पुन्हा ब्लीडिंग होते आणि पेडल काही वर येत नाही.

पुढच्या-मागच्या ब्रेकचा तोल याहून नाजूक. फक्त पुढचे ब्रेक फार वाढवले, तर पुढची चाके लवकर लॉक होतात, मागची आपला वाटा उचलतच नाहीत आणि थांबण्याचे अंतर उलट वाढू शकते. मागचे वाढवले तर संकट मोठे: मागची चाके आधी लॉक झाली की गाडी फिरते. ‘एबीएस सांभाळून घेईल’ या भरवशावर राहू नये, कारण त्याची गणिते मूळ ब्रेक धरूनच बसवलेली असतात.

म्हणूनच एकाच घराण्यातली अदलाबदल मला पटते. चौथ्या पिढीची फोक्सवॅगन गोल्फ, पहिली ऑडी टीटी आणि आपल्या शेंद्र्याच्या कारखान्यात जुळणी झालेली पहिली स्कोडा ऑक्टाव्हिया या एकाच सांगाड्यावरच्या गाड्या. यांपैकी ज्यांना मुळात 288 मिमीची डिस्क होती, त्यांना टीटीची 312 मिमीची बसते. गंमत म्हणजे यात कॅलिपर तोच राहतो, 54 मिमीच्या पिस्टनचा. बदलतात डिस्क आणि कॅलिपर धरणारे कॅरियर. डिस्क मोठी, ऑइल तेवढेच, पेडल पूर्वीसारखे. चाके मात्र किमान 16 इंची लागतात आणि त्यातलीही सगळी बसत नाहीत.

‘बोल्ट बसला म्हणजे कॅलिपर बसला’ असे मुळीच नाही. डिस्क पॅडच्या बरोबर मध्ये यायला हवी, चाकाच्या आऱ्या कॅलिपरला घासता कामा नयेत, स्टिअरिंग दोन्हीकडे पूर्ण वळवल्यावर रबरी पाइप ताणला जाऊ नये. आटे वेगळे असलेला बोल्टही दोन-तीन फेरे सहज जातो. तिथेच थांबावे, पाना लावू नये. आणि हवा काढण्याचा निपल वरच्या टोकालाच हवा. डावा कॅलिपर उजवीकडे गेला की निपल खाली येतो, हवा वर अडकते आणि कितीही पंप मारले तरी निघत नाही.

भंगारातून आणलेल्या कॅलिपरचे सील बदलल्याशिवाय ते वापरू नयेत. पेडल सोडल्यावर पिस्टन किंचित मागे येतो तो त्या चौकोनी रबरी सीलच्या पिळामुळे. सील कडक झाले की पॅड डिस्कला घासत राहतात, ब्रेक तापतो.

घाटात पेडल मऊ पडते म्हणून कॅलिपर शोधत फिरणाऱ्यांनी आधी ऑइल बदलून पाहावे. ताजे डॉट 4 किमान 230 अंशांपर्यंत उकळत नाही. ओलावा शोषून घेतल्यावर हीच मर्यादा 155 पर्यंत घसरू शकते. कोकणासारख्या दमट हवेत दर दोन वर्षांनी ते बदलणे चैन नाही. मात्र आकडा मोठा म्हणून डॉट 5 ओतू नये: ते सिलिकॉनचे असते, डॉट 4 मध्ये मिसळत नाही आणि एबीएसच्या गाड्यांना चालत नाही. डॉट 5.1 चालते.